आज आणि आजअखेर

संगणकावर विश्वास ठेवायचा, तर लातुरातली बरीचशी डाळ संध्याकाळी पावणेसात ते सव्वासात या अर्ध्या तासात तयार होते. दिवसभर मिल नुसतीच धडधडत असते, वीज खाते, फोल उडवते. पण डाळ म्हणून जे काही व्हायचं ते दिवेलागणीला, मुनीमजींचा चहा झाल्यावर. तेव्हाच ते खुर्ची पुढे ओढतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात, खिशातली चिठ्ठी टेबलावर सपाट करतात आणि सकाळपासूनचं सगळं उत्पादन एका दमात सॉफ्टवेअरमध्ये चढवतात. सॉफ्टवेअर बिचारं प्रामाणिक. प्रत्येक नोंदीवर ते वेळेचा शिक्का मारतं. 6:47 ला तूर साफ झाली, 6:49 ला रोलावर गेली, 6:50 ला वाळली, 6:52 ला फुटली आणि 6:55 ला कट्ट्यात भरून शिवलीसुद्धा. एवढी चपळ तूर अवघ्या जगात दुसरीकडे सापडायची नाही.

हे सॉफ्टवेअर बसवायला पुण्याहून एक तरुण आलेला असतो. त्याने मालकाला दाखवलेलं चित्र वेगळं असतं. एक वर्क ऑर्डर काढायची: अमुक इतके क्विंटल फटका डाळ. तिला किती तूर लागेल ते यंत्र सांगणार. मग जसजसा एकेक टप्पा उरकेल तसतशी मशीनपाशी उभ्या माणसाने नोंद करायची: किती झालं, किती वाया गेलं, किती वेळ लागला. मालक मुंबईत असो की लग्नाला हैदराबादेत, मोबाइलवर हिरवी पट्टी सरकताना त्याला दिसणार. मालकाला ती हिरवी पट्टी आवडते. तो पैसे मोजतो. नंतर दोन महिने ती पट्टी दिवसभर शून्यावर बसते आणि संध्याकाळी सातला उडी मारून शंभरावर जाते. मालक वैतागून शेवटी पूर्वीसारखा फोनच लावतो.

"मुनीमजी, किती झालं?"

"व्हायलंय की मालक. साठ टक्के झालंच म्हणा."

हा साठचा आकडा नीट पाहण्यासारखा आहे. चाळीस म्हटलं तर मालक विचारणार, सकाळपासून काय करत होतात? ऐंशी म्हटलं तर तो लगेच ट्रक पाठवणार. साठ म्हटलं की कुणी रागावत नाही आणि कुणी ट्रकही पाठवत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र साठ टक्के लिहायला कुणी जात नाही, कारण तिथे आकडा टाकला की तो कायमचा राहतो आणि टाकणाऱ्याचं नावही खाली उमटतं.

त्यातून मुनीमजींच्या खिशातली ती चिठ्ठीही काही एका हातची नसते. मुकादमाने भिंतीवर खडूने चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी अशा जुड्या मारलेल्या असतात. त्या मोजून कुणीतरी मुनीमजींना ओरडून सांगतो, आणि मिलच्या आवाजात "बत्तीस" की "बेचाळीस" हे देवालाच माहीत. या सगळ्या साखळीत एकच आकडा कधी चुकत नाही. तो म्हणजे हमालांचा. हमाली पोत्यामागे मिळते. त्यामुळे किती पोती उतरली, किती भरली, हे हमालाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो बरोबर सांगेल, आणि मुनीमजींच्या वहीत एक पोतं कमी निघालं तर काटा तिथेच थांबेल. ज्या यंत्रणेवर लाखभर रुपये खर्च होतात तिच्यात हमालाला लॉगिन दिलेलं नसतं, ही गोष्ट लातूरच्या एमआयडीसीत कुणालाही विचित्र वाटत नाही.

खरी पंचाईत मात्र माणसांची नाही, सॉफ्टवेअरच्या जन्माचीच आहे. कच्च्या मालाचा हिशेब संगणकाने करावा ही कल्पना अमेरिकेत रुजली. तिथल्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने 1964 साली ती पहिल्यांदा राबवली असं मानतात. ती कंपनी ड्रिल मशीन करायची. मोटार, गिअर, स्विच, स्क्रू जोडले की एक ड्रिल. जर्मनीत 1972 साली आयबीएम सोडून आलेल्या पाच इंजिनिअरांनी सॅप ही सॉफ्टवेअर कंपनी काढली. आपल्याकडचं ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर मुंबईच्या ऋषभ मेहतांनी सुरू केलं, तेही घरच्या फर्निचरच्या धंद्यात सॉफ्टवेअर बसवताना हात पोळल्यावर. ड्रिल काय, खुर्ची काय, सगळा धंदा जोडण्याचा. अनेक वस्तू आत जाणार, एक वस्तू बाहेर येणार.

लातूरचा धंदा फोडण्याचा. इथे एकच वस्तू आत जाते आणि बाहेर येताना तिचं अख्खं खानदान होतं. शंभर किलो तूर मिलमध्ये घातली की सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ निघते. तिच्यातही फटका वेगळी, सवा नंबर वेगळी. शिवाय कणी, चुनी, फोल, माती-खडे, आणि उन्हात उडून गेलेला ओलावा. चुनी म्हशीला जाते आणि तिला रोख भाव असतो. सॉफ्टवेअर मात्र विचारतं: तयार वस्तू कोणती? आणि एकाच रकान्यात एकच नाव मागतं. बाकीचं 'बाय-प्रॉडक्ट' किंवा 'स्क्रॅप' म्हणून घालायची सोय असते, पण त्यासाठी आधी प्रमाण ठरवून द्यावं लागतं. तुरीचं प्रमाण ठरवून द्यायला तूर काही जर्मन नाही. निलंग्याची तूर वेगळी, मुखेडची वेगळी, आणि पाऊस लागलेली तिसरीच. टॅली वापरणाऱ्याची सुटका जरा सोपी: 'मॅन्युफॅक्चरिंग जर्नल' नावाची एक नोंद, इकडे तूर वजा, तिकडे डाळ जमा, मधलं काही विचारूच नका. म्हणून टॅली मुनीमजींना प्रिय आहे. महिन्याच्या शेवटी चुनीचा ढीग हिशेबापेक्षा मोठा निघाला की 'समायोजन' या शब्दाखाली तो गुपचूप आत घेतला जातो.

मग येतं ऊन. तुरीला तेलाचा हात लावून, पाणी मारून ती ओट्यावर पसरतात. एक-दोन दिवस ती तिथे पडून राहते, कारण त्याशिवाय साल सुटत नाही. आता या अवस्थेत ती तूर आहे की डाळ? उत्पादन चालू आहे की बंद? पुण्याच्या तरुणाला हा टप्पा बसवताना घाम फुटतो. एखादा हुशार निघाला तर 'ऊन' नावाचं एक वर्कस्टेशनच तयार करतो. ताशी दर शून्य. मग सॉफ्टवेअर त्याला ऑपरेटरचं नाव विचारतं. मार्चमध्ये अवकाळी आला की मुकादम ताडपत्री घेऊन धावतो, मुनीमजी जॉब कार्ड थांबवतात आणि 'थांबण्याचं कारण' या रकान्यातल्या यादीत ढग नसल्यामुळे 'मशीन बिघाड' निवडतात. वर्षअखेरीला अहवाल निघतो: मिलमधलं सगळ्यात जास्त बिघडणारं मशीन, ऊन.

ऑर्डरीपेक्षा माल जास्त झाला तर आणखी तमाशा. शंभर कट्ट्यांची वर्क ऑर्डर होती, तूर चांगली निघाली, एकशेचार भरले. पडद्यावर लाल अक्षरं येतात: ऑर्डरपेक्षा जास्त उत्पादन करता येणार नाही. माल तर झालाय, समोर दिसतोय, थाप मारली तर आवाज येतोय. पण संगणक म्हणतो, करता येणार नाही. किती टक्के जास्त चालेल हे ठरवण्याची सोय सेटिंगमध्ये असते. ते सेटिंग बदलण्याचा पासवर्ड पुण्याला असतो, आणि पुण्याचा मुलगा आता दुसऱ्या कंपनीत असतो. ते चार कट्टे मग कोपऱ्यात कायद्याबाहेर राहतात. पुढच्या वेळी तूट आली की तेच कामाला येतात. मुनीमजींच्या धंद्यातला हा सगळ्यात जुना विमा आहे, आणि कुठल्याही सॉफ्टवेअरने तो अजून मोडलेला नाही.

डाळीत निदान टप्पे एका छपराखाली, फार तर एका ओट्यावर असतात. आपल्या भागात एक माल असाही होतो की त्याच्या प्रगतीची नोंद ठेवायची तर दोन राज्यं धुंडाळावी लागतील. तो माल म्हणजे तिरंगा. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ही देशात राष्ट्रध्वज तयार करणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी. स्वामी रामानंद तीर्थांच्या मुशीतून घडलेल्या खादीच्या कामाचा हा वारसा. ध्वजाचं कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या केंद्रात हातमागावर विणलं जातं. रंगवायला ते अहमदाबादला जातं. तिथून ते नांदेडला येतं आणि कापणी, चक्राची छपाई, शिलाई होऊन ध्वज बनतो.

आता याची वर्क ऑर्डर डोळ्यासमोर आणा. विणकराच्या मागावर निम्मं कापड, अहमदाबादच्या रंगात काही गठ्ठे, काही वाटेत, काही नांदेडला शिलाईच्या टेबलावर, आणि तिकडे जुलै संपत आला की सगळ्या देशाला एकाच दिवशी, सकाळी, माल हवा असतो. पंधरा ऑगस्ट पुढे ढकलता येत नाही. इथे 'साठ टक्के झालंय' हे उत्तर चालत नाही, कारण साठ टक्के तिरंगा म्हणजे काय हे सांगायला कुणी धजणार नाही.

शिवाय माप. ध्वजाचं भारतीय मानक आयएस 1 या क्रमांकाने ओळखलं जातं. नऊ आकार ठरलेले: सगळ्यात लहान 150 बाय 100 मिलिमीटर, सगळ्यात मोठा 6300 बाय 4200. लांबी-रुंदीचं प्रमाण 3:2, चक्राला 24 आरे. एक आरा कमी पडला तर तो 'थोडा डिफेक्टिव्ह' माल नसतो. वाया गेलेल्या मालाचा रकाना भरताना तर हात थरथरावा. ध्वजसंहितेप्रमाणे खराब झालेला ध्वज मानाने आणि खासगीत, शक्यतो जाळून, पूर्णपणे नष्ट करायचा असतो. राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाबद्दल 1971 चा कायदाही आहे. डाळमिलवाला कणी विकून मोकळा होतो. ध्वजाच्या कारखान्यात 'स्क्रॅप, किलो, दर' हे तीन रकाने एका ओळीत ठेवणं म्हणजे वकिलाला घरी जेवायला बोलावणं. त्यातून केशरी, पांढरा, हिरवा असे तीन पट्टे वेगवेगळे असेपर्यंत ते कापडच. नेमक्या कोणत्या टाक्याला त्याचा ध्वज होतो, याचं उत्तर ना संहितेत, ना सॅपमध्ये.

या ध्वजाच्या कापडाबद्दल एक आकडा वर्षानुवर्षं इकडून तिकडे फिरतो: एक चौरस फूट कापडाचं वजन बरोबर 205 ग्रॅम हवं. दर ऑगस्टमध्ये तो मोठ्या अभिमानाने छापून येतो. कागद-पेन्सिल घेऊन बसा. सगळ्यात मोठा ध्वज भरतो साधारण 285 चौरस फूट. म्हणजे एका ध्वजाचं वजन झालं 58 किलो. असा ध्वज फडकवायला वारा नाही, वादळ लागेल. फुटाच्या जागी मीटर धरला की तोच ध्वज साडेपाच किलोच्या आत येतो आणि मग सगळं सुरळीत. एककाचा रकाना चुकला की काय होतं, हे शिकवायला सॉफ्टवेअरवाल्यांना याहून चांगलं उदाहरण मिळायचं नाही. डाळमिलमध्येही हेच घडतं. वर्क ऑर्डर क्विंटलमध्ये, नोंद कट्ट्यांत, कट्टा कधी तीस किलोचा, कधी पन्नासचा. मग एके दिवशी संगणक सांगतो की एका पाळीत चार हजार क्विंटल डाळ झाली, आणि मालक क्षणभर का होईना खूश होतो.

प्रगतीच्या नोंदीची सगळ्यात भव्य गोष्ट लातूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्याची. 31 मार्च 2018 ला पायाभरणी झाली. 25 डिसेंबर 2020 ला पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला, फोटो निघाले. मराठवाड्यात सरकारी काम पावणेतीन वर्षांत एवढं पुढे जाणं हेच नवल. त्यानंतर 2023 मध्ये रेल विकास निगम आणि रशियाची ट्रान्समॅशहोल्डिंग यांच्या जोडीकडे 120 वंदे भारत स्लीपर गाड्यांचं काम आलं. सोळा डब्यांची एक गाडी, म्हणजे 1920 डबे. मग शौचालयं, पँट्री, सामानाची जागा यांवरून आराखडा अडल्याच्या बातम्या 2024 मध्ये छापून आल्या, आणि रेल्वेकडून त्यांचा इन्कारही आला. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने हा अगदी रोजचा मामला: ऑर्डर निघाल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, तेच हवंय, फक्त जरा वेगळं. डाळमिलवाल्याला या प्रकरणात शिकण्यासारखं काही नाही, पण दिलासा भरपूर आहे.

या सगळ्या गोतावळ्यात एक धंदा असा आहे की तो संगणकाच्या कितीतरी आधीपासून उत्पादनाची नोंद वेळच्या वेळी, टप्प्याटप्प्याने आणि बऱ्यापैकी खरी ठेवत आला आहे. तो म्हणजे साखर. लातूरचा मांजरा घ्या, नांदेडकडचा भाऊराव चव्हाण घ्या. हंगाम सुरू झाला की रोज एक तक्ता निघतो. आजचं गाळप, आजअखेर गाळप, आजची पोती, आजअखेर पोती, आजचा उतारा (म्हणजे उसातून निघालेल्या साखरेची टक्केवारी), सरासरी उतारा, आणि शेजारी गेल्या वर्षी याच तारखेचा आकडा. हा तक्ता पुण्याला साखर आयुक्तालयाकडे जातो. चहाच्या टपरीवर बसलेल्या सभासदालाही तो तोंडपाठ असतो. साखरही फोडण्याचाच धंदा. टनभर उसातून जेमतेम शंभर-एकशेदहा किलो साखर, पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस, चाळीसेक किलो मळी, वर प्रेसमड आणि उरलेलं पाणी. म्हणजे डाळमिलच्या मुनीमजींच्या सगळ्या अडचणी इथे टनाच्या मापाने हजर आहेत.

मग इथे जमतं कसं? एक तर अर्धवट मालाचा अंदाज लिहिण्याची कारखान्याला लाज वाटत नाही. सकाळी हिशेब करताना पोत्यात भरलेली साखर मोजणं सोपं. पण पॅनमध्ये उकळणारी, क्रिस्टलायझरमध्ये दाणा धरणारी, टाकीतल्या रसात लपलेली साखर कुठे मोजणार? केमिस्ट टाक्यांची पातळी बघतो, नमुना लॅबमध्ये तपासतो आणि गणित करून सांगतो की प्रोसेसमध्ये एवढे क्विंटल साखर आहे. ती अजून झालेली नाही, तरी कागदावर तिची जागा आहे. तो आकडा अंदाजाचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तो कसा काढला हेही ठाऊक असतं. डाळमिलच्या सॉफ्टवेअरमध्ये हा रकाना शोधून सापडत नाही. तिथे माल एकतर तूर असतो नाहीतर डाळ. ओट्यावर पडलेल्या दोनशे क्विंटलांना कुणी वाली नसतो.

आणि दुसरं कारण, जे कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नाही: साखरेच्या आकड्यावर भांडायला माणसं टपलेली असतात. उसाचा दर उताऱ्याला बांधलेला आहे. 2024-25 च्या हंगामात 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ठरली होती. उतारा दशांशाने हलला की दर हलतो. त्यामुळे उतारा कमी दाखवला की शेतकरी संघटना गेटवर, जास्त दाखवला की पैसे द्यायला संचालक कासावीस, आणि दोन्हीकडून विरोधी पॅनेल निवडणुकीची वाट बघत बसलेलं. काट्यावर ट्रॅक्टर उभा राहिला की शेतकऱ्याची नजर आकड्यावर खिळलेली असते. काटापावती संध्याकाळी सातला सगळ्यांची एकदम देऊ, असं म्हणणाऱ्या कारकुनाला त्या रात्री घरी जाता येणार नाही.

हमालाचं पोतं बरोबर निघतं तेही याच कारणाने. जिथे आकड्यावर कुणाची तरी मजुरी, दर किंवा खुर्ची लटकलेली आहे तिथे नोंद वेळेवर होते, मग ती पाटीवर असो, वहीत असो की पडद्यावर. डाळमिलच्या मधल्या टप्प्यांवर कुणाचंच काही लटकलेलं नसतं. साफ केलेली तूर किती, रोलावरून उतरली किती, हे दुपारी दोनला जाणून घ्यायची घाई कुणालाही नसते. मालकाला तर नसतेच. त्याला फक्त डाळ किती आणि पैसे कधी एवढंच हवं असतं. मुनीमजी हे ओळखून आहेत. न वाचला जाणारा तक्ता ते न वाचता भरतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

तेव्हा लातूर-नांदेडच्या ज्या मालकांनी गेल्या दोन-चार वर्षांत सॉफ्टवेअर घेतलं आहे आणि ते 'चालत नाही' म्हणून पुण्याच्या पोरांना शिव्या घालत आहेत, त्यांना एवढीच विनंती. पडदा ऑफिसातून उचलून काट्यापाशी न्या. ओट्यावरच्या मालासाठी एक रकाना मागून घ्या आणि त्यावर मराठीत ठसठशीत 'अंदाजे' लिहा. मुकादमाला आणि हमालांच्या टोळीतल्या एकाला लॉगिन द्या. आणि रोज दुपारी तीनला स्वतः तो तक्ता उघडून, त्यातला एक आकडा निवडून, मुनीमजींना फोन लावून त्याच्यावरून मनसोक्त भांडा. आठवडाभरात तुमची तूर संध्याकाळी 6:50 ला वाळायची बंद होईल. मुनीमजींचा चहा मात्र थांबवू नका.